मेलेला पारा

आमच्या घरात आईच्या आधी तिची कपबशी यायची. स्वयंपाकघरातून किणकिण निघायची, ओसरी ओलांडायची आणि माझ्या खुर्चीमागे येऊन थांबायची. मग आईचा आवाज, "घे वं." चहा निम्मा कपात, निम्मा बशीत. कोण आलंय ते बघायला मला कधी मान वळवावी लागली नाही.

हात थरथरायला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. डॉक्टर म्हणाले, वय झालं. आईनेही ते मान्य करून टाकलं. "वय व्हई गयं आते. नाची ऱ्हायनात हात, नाचू दे," असं म्हणून ती हसायची. मला हसू येत नसे. जिच्या गोधडीचे टाके बघायला आमच्या ब्राह्मणपुरी गावातल्या बायका मुद्दाम गोधडी उलटी करून बघत, ती छबूबाई आता सुईत दोरा ओवायला शेजारच्या तुळशीबाईला हाक मारायची. लग्नाच्या पंगतीत वरणाची बादली घेऊन ती सगळ्यांच्या पुढे असे. आता कुणाचं तरी पोर मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसायची, म्हणजे कुणी वाढायला उठ म्हणू नये. तिचं ते बसणं मला बघवायचं नाही. मी आतल्या आत चिडायची, पण कुणावर ते कळायचं नाही.

एकाच कामात तिचे हात शहाण्यासारखे वागायचे. ते काम म्हणजे खल.

चैत्रात गहू घरी आला की गल्लीतल्या बायका पाऱ्याच्या लहान लहान बाटल्या घेऊन आईकडे यायच्या. शहाद्यातल्या काष्ठौषधीच्या दुकानात तो मिळतो. आई दगडी खलात पारा ओतायची, त्यावर गोवरीची चाळलेली राख टाकायची, थोडं एरंडेल, आणि बत्ता फिरवायला बसायची. पारा आधी पळ काढायचा. मग त्याचे थेंब व्हायचे, थेंबांचे कण, कणांची नुसती चमक. काही दुपारी घोटून झालं की सगळं करडं होऊन जायचं. आई बोटभर घेऊन उन्हात धरायची. चकाकी दिसली नाही की म्हणायची, "मरी गया. आते तो गरीब शे."

त्या मेलेल्या पाऱ्याच्या ती बोराएवढ्या गोळ्या वळायची, सावलीत वाळवायची, फडक्यात बांधायची. कोठीत गव्हाच्या थरांमध्ये त्या ठेवल्या की वर्षभर सोंडकिडा फिरकत नाही. पारा म्हणजे महादेवाचा अंश, त्यामुळे गोळ्यांचं कुणाकडून काही घ्यायचं नाही, हा माझ्या आजीने घालून दिलेला दंडक. गावातल्या मुलीचं लग्न ठरलं की रुखवतात लाडवांशेजारी छबूबाईच्या गोळ्यांची पुरचुंडी हमखास. आणि बत्ता हातात असेपर्यंत आईची थरथर कुठे जायची कोण जाणे. गोल गोल फिरणाऱ्या हातात ती मुरून जात असावी. लहानपणी त्या घरघरीच्या तालावर मी दुपारभर झोपायची. आई कधी माझ्या तळहातावर एक थेंब सोडायची, आणि त्या थेंबात आमची ओसरी, दार, दारातली शेळी सगळं उलटं आणि इवलंसं दिसायचं.

मी शहाद्यातल्या एका संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करते. पारा मोजणारं एक यंत्र माझ्या ताब्यात आहे. त्याचं कौतुक मी कुणालाही पकडून सांगते आणि लोक एसटी चुकेल म्हणून पळतात. तुम्हाला एसटी धरायची नसेल तर ऐका.

त्यात बोटभर लांबीची धातूची होडी असते. होडीत नमुना ठेवायचा. मासा, माती, केस, काहीही चालतं. होडी आपसूक भट्टीत सरकते. तिथे नमुना आधी वाळतो, मग जळतो, आणि त्याची वाफ प्राणवायूबरोबर पुढे वाहत जाते. वाटेत सोन्याचा मुलामा दिलेली वाळू आहे. धूर, पाणी, वास, बाकी सगळं तिच्यातून निघून जातं, पारा तेवढा सोन्याला बिलगून राहतो. मग सोनं एकदम तापवायचं. तापलं की ते पाऱ्याला सोडतं, आणि मोकळा झालेला पारा एका काचेच्या नळीत शिरतो. नळीच्या एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला त्या दिव्याकडे टक लावून बसलेला यंत्राचा डोळा. दिवासुद्धा पाऱ्याचाच. त्याचा उजेड पाऱ्याच्या वाफेला बरोबर ओळखू येतो आणि ती तो पिऊन टाकते. जेवढा उजेड वाटेत कमी पडला, तेवढा नमुन्यात पारा. गावतळ्यात चमचाभर साखर टाकावी आणि एखाद्याने ओंजळभर पाणी पिऊन सांगावं की गोड आहे, इतकी त्याची जीभ तिखट.

तो उजेड माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. तरी मी यंत्राशेजारी बसून त्याचा विचार करत राहते. बाहेर उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे जात असतात, पंखा गरगरतो, डोळे जड होतात. मला वाटतं, आत्ता आत नळीत पाऱ्याचे कण दिव्यासमोरून निघाले असतील, आणि तिथे क्षणभर संध्याकाळ झाली असेल. मग पडद्यावरची रेघ थोडी वर चढते, परत खाली येते, आणि पुढची होडी निघते.

फाल्गुनात मणिबेलीहून मासेमारी करणारी भुरीबाई आली. आधी नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्यातून होडी, मग जीप, मग एसटी, असा प्रवास करून बर्फाच्या डब्यात मासे घेऊन आली होती. धरणाच्या पाण्यातले मासे तपासायचं काम आमच्याकडे होतं, आणि तिला ते कुणीतरी सांगितलं होतं.

"ताई, मोबाइलमध्ये कोणी बोललं, आमच्या माशात पारा आहे," ती म्हणाली. "व्यापारी यायचा बंद झाला. ते जाऊ दे. माझी सून पोटुशी आहे. तिला मासा देऊ का नको, तेवढं सांग."

मग ती खुर्चीवर न बसता जमिनीवर बसली आणि निवांत पाण्याबद्दल बोलत राहिली. त्यांची होडी बुडालेल्या सागांच्या शेंड्यांवरून जाते. पाणी उतरलं की वाळके शेंडे वर येतात, जाळी त्यात अडकतात. एका जागी ती नेहमी वल्हं थांबवते, कारण तिथे खाली तिची चूल आहे. ती हे अगदी साध्या आवाजात सांगत होती, जसं कुणी सांगावं की पलीकडच्या गल्लीत आमचं जुनं घर आहे. ती गेल्यावर पुढचे किती तरी दिवस माझी छोटी होडी भट्टीत शिरताना मला खाली पाण्यात एक चूल दिसायची.

कामाचा भाग म्हणून मासे खाणाऱ्यांचे केसही तपासायचे होते. पाऱ्याची खूण केसांत राहते. भुरीबाईने हसत हसत आपली बट कापून दिली. ताडून बघायला जन्मात मासा न खाल्लेल्या माणसाचे केस हवे होते. माझे चालले नसते, मी दिवसभर पाऱ्याच्याच शेजारी असते. मग आईशिवाय दुसरं कोण? आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आई मासळीबाजारावरून जाताना पदर नाकाला लावते तो पार बसस्टँड येईपर्यंत काढत नाही. मासा नाही, पारा नाही, अशी नमुनेदार बाई मला घरातच मिळाली, असं मी खरंच मनाशी म्हटलं. गोळ्यांची मला आठवणही झाली नाही. माझ्या डोक्यात पारा प्रयोगशाळेत असायचा, घरात असायच्या त्या आईच्या गोळ्या.

"केस काब्र कापी ऱ्हायनी वं?" आई मान खाली घालून म्हणाली.

"मशीनले दाखाडाले. ती सांगी का ही बाईनी मासा खादा का नही."

"सात जनममा नही!" आई म्हणाली आणि मानेवरची चांगली जाडशी बट कापू दिली.

भुरीबाईचे मासे चोख निघाले. पारा होता, पण सगळ्याच माशांत असतो तेवढाच, किंचित. तिच्या केसांतही काळजीचं काही नव्हतं. सुनेला मासा खुशाल दे, असा निरोप मी त्याच दिवशी धाडला आणि आनंदाने आईची होडी सोडली.

रेघ चढायला लागली. थांबेना. पडद्याच्या माथ्याला जाऊन टेकली. मी हसले. म्हटलं, यंत्र बिघडलं. रिकामी होडी पाठवून बघितली, रेघ सपाट. ठाऊक असलेल्या मापाचा नमुना पाठवला, उत्तर बरोबर. परत आईचे केस, परत डोंगर. त्या काचेच्या नळीत मिट्ट काळोख झाला असणार. मी यंत्राला शिव्या घातल्या, माझ्या कोटाला घातल्या, कात्रीला घातल्या. नवी कात्री नेली, नवी बट आणली, धुऊन घेतली. "टकली करशी का माले?" आई म्हणाली. उत्तर तेच आलं. यंत्र पारा आहे एवढंच सांगतं, कुठून आला ते त्याला ठाऊक नसतं.

रविवार आला. दुपारी बाहेर झळा मारत होत्या म्हणून आईने दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. राख उडू नये हेही कारण होतंच. मी आतल्या खोलीतून पाणी प्यायला उठले आणि उंबऱ्यातच थांबले. कौलातल्या काचेतून उन्हाचा एक पट्टा खाली उतरला होता आणि आई बरोबर त्यात बसली होती. पुढ्यात खल. घरघर, घरघर. ती काहीतरी गुणगुणत होती.

कॉलेजात आमच्या सरांनी एकदा अंधाऱ्या खोलीत गंमत दाखवली होती. पाऱ्याची उघडी बाटली, तिच्या एका बाजूला पाऱ्याचा दिवा, दुसऱ्या बाजूला त्या उजेडाने चमकणारा पडदा. बाटलीच्या तोंडातून काही निघताना दिसत नव्हतं, वासही नव्हता. पण पडद्यावर बाटलीतून धुरासारखी काळी सावली हळूहळू वर चढत होती.

आता ओसरीत दिवा नव्हता, पडदा नव्हता, तरी मला ती सावली दिसायला लागली. खलातून ती वर येत होती, आईच्या बोटांमधून निघत होती, तिच्या तोंडाभोवती रेंगाळून केसांत शिरत होती. कोपऱ्यातल्या कोठीच्या झाकणाच्या फटीतून ती पाझरत होती. मी लहानपणी जिथे झोपायची त्या जागेवरून पसरत भिंतीपलीकडे तुळशीबाईच्या घरात, तिथून गल्लीभर, रुखवतातल्या पुरचुंड्यांबरोबर परगावी. मधोमध आई गुणगुणत होती. तिचे हात अगदी स्थिर होते. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते.

"माय, बत्ता ठेव," मी म्हणाले.

"थांब जराशी. आजून मरना नही."

"तो मरस नही, माय. तो कधीच मरस नही."

आईने वर बघितलं. मी दारं उघडली, खिडक्या उघडल्या, खलावर पाणी ओतून झाकण घातलं. मी काय बडबडत होते ते मला आठवत नाही. आई मात्र भडकली. आजीपासून चालत आलेलं काम, देवाचं काम, आणि ही काल शिकलेली पोर त्यावर पाणी ओतते! तिने कोठी उघडली, मूठभर गहू काढला आणि माझ्या ओंजळीत दाबून घातला. "लई जाय. दाखाड तुन्ही मशीनले. देख, कसा सोन्यासारखा गहू शे."

देताना अर्धा गहू सांडला. मूठ थरथरत होती.

गव्हानेही रेघ वर चढवली. मी एसटीत खिडकीशी बसले, शेजारची बाई काहीतरी विचारत होती आणि मला ऐकू येत नव्हतं. घरी पोचल्यावर हातपाय न धुता आईसमोर बसून सगळं सांगितलं. आधी गव्हाचं, मग केसांचं, मग हातांचं. पारा घोटताना वाफ होऊन श्वासात जातो, बत्ता कितीही फिरवला तरी जातो, आणि हातांना असा कंप भरतो. मी ते कितीदा पुस्तकात वाचलं होतं.

आई आपल्या हातांकडे बघत राहिली. "मन्हा हात गोयास्नी लिन्हात?"

मी मान डोलावली, होय, गोळ्यांनीच घेतले. मग तिचा चेहरा एकदम बदलला. "नि मी बठास्ले दिन्ह्यात," ती म्हणाली आणि रडायला लागली. हातांसाठी ती कधी रडली नव्हती, ती सगळ्यांना वाटलेल्या गोळ्यांसाठी रडली. मी तिला घट्ट धरलं. ती माझ्या हातांत कापत होती, आणि मला तेव्हा कळलं की इतके दिवस मी तिच्या म्हातारपणावर चिडत होते.

आम्ही दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी लघवी तपासून घेतली आणि तेच सांगितलं. औषध देतो, पण खरं औषध म्हणजे पाऱ्यापासून लांब राहणं. हात सुधारतील का? सुधारतात, काहींचे पूर्ण, काहींचे थोडे, वाट बघायची. आईने परतीच्या वाटेवर मला एकदाच विचारलं, "व्हतीन ना वं बरा?" मी म्हणाले, "माले माहीत नही, माय." खोटं बोलायचं होतं, पण जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडून रुंद तोंडाची काचेची बरणी मागून घेतली. वाफ वर येऊ नये म्हणून मी तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरून दिलं. ती बरणी घेऊन आई घरोघर निघाली, आपल्या गोळ्या परत मागायला. मी मागे मागे. बरणीचं झाकण तिच्या हातात वाजत होतं, त्यामुळे ती कुठे पोचली ते गल्लीला आधीच कळायचं.

बायकांना ते पटेना. फुकट दिलेलं कुणी परत मागतं का? तुळशीबाई तर दारातच आडवी उभी राहिली. "छबूबाई, तुन्ही पोर दोन बुकं शिकनी नि तुन्हा देव खोटा व्हई गया?"

मी तोंड उघडणार तोच आईने बरणी माझ्याकडे दिली आणि आपले दोन्ही हात तिच्यापुढे पसरले. इतकी वर्षं पदरात, पोरांच्या पाठीखाली, भिंतीआड लपवलेले हात. भर उजेडात ते थरथरत होते आणि ती त्यांना आवरत नव्हती.

"हाई देख," आई म्हणाली.

तुळशीबाई आत गेली आणि पुरचुंडी घेऊन आली. त्यानंतर आईला कुठेच फार बोलावं लागलं नाही, ती नुसते हात दाखवायची. नव्या लग्नाची एक पोर मात्र हिरमुसली, तिच्या रुखवतातल्या गोळ्या होत्या. तिला आई म्हणाली, तुझा गहू मी स्वतः उन्हात घालीन, निवडीन आणि एरंडेल चोळून देईन, कीड लागली तर मला बोल. आणि ती खरोखर गेली. आता सगळी गल्ली एकमेकींच्या अंगणात बसून गव्हाला तेल चोळते. आईच्या वाट्याचा गहू जरा जास्तच तेलकट होतो, आणि बायका तिला त्यावरून चिडवतात.

बरणी भरली तेव्हा आई म्हणाली, "तापीमायना पोटमा सोडी देऊत." आमच्याकडे देवाचं जे काही उतरतं ते तापीच्या पोटात जातं. मी तिला भुरीबाईची गोष्ट सांगितली. पाण्यात सोडलेला पारा गाळात जातो, गाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत, आणि शेवटी कुणाच्या तरी पोटुशा सुनेच्या ताटात. जन्मभर मासळीच्या नावाने नाक दाबलेली माझी आई विचारात पडली.

"तिन्हा मासा चोखा शे, म्हनस तू?"

"चोखा शे."

"मंग ऱ्हाऊ दे चोखा," ती म्हणाली आणि बरणीवर झाकण घट्ट बसवायला लागली. तिला ते जमेना. मी बसवलं. असल्या विषारी वस्तू रीतसर नेणारे लोक आहेत, बरणी त्यांच्या हवाली झाली.

चैत्र गेला, पाऊस येऊन गेला. खल रिकामा, उपडा, तुळशीवृंदावनाशेजारी. आईच्या दुपारी लांबल्या होत्या. ती ओसरीत बसायची आणि कधी कधी तिचा उजवा हात मांडीवर आपला आपण गोल गोल फिरायचा. माझं लक्ष गेलं की ती तो पदराखाली घ्यायची. मला फार वाईट वाटायचं. तिचं एकच धड राहिलेलं काम मी काढून घेतलं होतं, आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. ऊन कोवळं होतं, तेल चोळलेल्या गव्हाचा वास येत होता, मला पेंग आली. स्वप्नात का जागेपणी ठाऊक नाही, मी भुरीबाईच्या होडीत होते. खाली सागाचे शेंडे, त्याखाली चूल, सगळं स्वच्छ दिसत होतं, तळापर्यंत. पाण्याला आवाजच नव्हता.

"घे ना वं."

मी दचकून उठले. माझ्या मागे आई उभी होती. ती कधी आली, मला कळलंच नाही. चहा सगळा कपात होता, बशी कोरडी. हरखून मी दोन्ही हात पुढे केले. कपबशी किणकिणायला लागली, ती माझ्या हातांत.

"हयू धर," आई म्हणाली, "सांडी टाकशी."